अकरा लाल टिकल्या

(रविवारची दुपार. सिंगापूर, पासिर रिसमधला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. जेवणाच्या टेबलाशी नागसेन, अजून बेसबॉल अंपायरच्या निळ्या शर्टात. त्याच्या डाव्या हाताला हर्षा, तिच्या मांडीवर दहा महिन्यांची उल्का. थोरली वल्लरी, वय अकरा, आतल्या खोलीत दार लावून बसली आहे.)

नागसेन : ...म्हणजे मी मुद्दाम केलं, असं म्हणायचंय त्यांना?

हर्षा : मुद्दाम असं कोणी म्हटलं नाही.

नागसेन : तोंडावर नाही म्हटलं. पण त्या पिचरच्या आईने कसं बघितलं माझ्याकडे! 'व्हेरी स्ट्रिक्ट फादर, आह?' म्हणे. म्हणजे बघा हो, हा माणूस स्वतः किती निःपक्षपाती आहे हे दाखवायला पोटच्या पोरीला आउट देतो.

हर्षा : वल्लरी पोचली होती, नागसेन. पाय घरच्या प्लेटवर येऊन थांबला होता तिचा. त्यानंतर कॅचरने तिला बॉल लावला.

नागसेन : माहितीये. सगळ्या मैदानाला माहितीये. एवढ्याशा टॅबवर चौदा डोकी वाकली होती. मी मूठ हवेत मारून 'आउट' ओरडलो, आणि दोन मिनिटांनी तेच हात पसरून 'सेफ' म्हणालो. आपलंच थुंकलेलं गिळायचं, आणि तेही टाळ्यांच्या गजरात.

हर्षा : डाळ गरम करू? सकाळपासून काही खाल्लं नाहीस.

नागसेन : डाळ राहू दे. क्लबच्या त्या डेरेकचा मेसेज आलाय, तो बघ. एवढं गोड इंग्रजी तो त्याच्या बायकोशीही बोलत नसेल. 'पुढच्या रविवारी फायनलला तू बेसपाशी उभा राहा, प्लेटमागे मी राहतो, थोडी विश्रांती घे.' विश्रांती! सहा वर्षं झाली, हर्षा. या क्लबात अंपायर मिळत नव्हता तेव्हा भर उन्हात पॅड चढवून दिवसाला तीन-तीन मॅच मी केल्यात.

हर्षा : मी पाण्याच्या बाटल्या धरून बसायचे ना. आठवतंय.

नागसेन : आणि या वर्षी ते रिव्ह्यूचं खूळ आलं. दोन मोबाइल, दोन ट्रायपॉड, प्रत्येक टीमला दोनदा 'परत बघा' म्हणायची मुभा. झालं. अंपायर म्हणजे आता हात वरखाली करणारं बुजगावणं. क्लिप कापायला कोण, तर अंपायरचीच बायको.

हर्षा : तूच माझं नाव दिलं होतंस. 'हर्षा घरीच असते हल्ली,' म्हणून.

नागसेन : ...हो. बरं, त्या क्लिप काढल्यास का? माझे निर्णय उलटले त्या सगळ्या? मला डेरेकला दाखवायच्यात.

हर्षा : काय दाखवणार आहेस?

नागसेन : की माझ्या चुका नजरेच्या नाहीत, सवयीच्या आहेत. मी क्रिकेटचा माणूस. क्रिकेटमध्ये रेषा अंपायरची. बॅट रेषेवर राहिली तर आउट, पलीकडे गेली पाहिजे. बेसबॉलमध्ये उलटं. प्लेटच्या कडेला बोट लागलं तरी सेफ, रेषेवर बॉल पडला तरी चांगला. डोक्याला कळतं, पण हात जुन्या सवयीने वर जातो. बाबांनी भरवलंय ना ते. नागपूरला कस्तुरचंद पार्कवर खिशात सहा खडे घेऊन उभे राहायचे गणपतराव, एकेक बॉल झाला की खडा या खिशातून त्या खिशात. मी आठ वर्षांचा, त्यांची टोपी धरून उभा. 'नागू, रेष आपली हाय. अन् शंका आली तर फायदा खेळणाऱ्याचा.'

हर्षा : बाबा कधी रेषेबद्दल चुकले होते?

नागसेन : छे. घारीची नजर.

हर्षा : मी क्लिप काढल्या. आठवडा लागला. उल्का झोपली की वीस मिनिटं मिळतात, त्यातली पाच भांड्यांत जातात. पण झाल्या.

नागसेन : अरे वा. दाखव मग. किती आहेत?

हर्षा : उलटलेल्या अकरा. रिव्ह्यूला गेलेले तुझे एकूण सव्वीस निर्णय. पंधरा बरोबर निघाले.

नागसेन : बघ, पंधरा बरोबर! डेरेकला सांग हे.

हर्षा : मी नुसत्या क्लिप नाही काढल्या. एक कागद केलाय. हा घे. नाही, असा धर. खाली ही प्लेट. तू इथे मागे उभा. समोर पिचर. उजवीकडे पहिला बेस, डावीकडे तिसरा. जिथे जे घडलं तिथे मी टिकली लावलीये. निर्णय बरोबर असला तर हिरवी, चुकला तर लाल.

नागसेन : आईने पाठवलेल्या टिकल्या?

हर्षा : घरात दुसरं गोल काही नव्हतं. आणि आईंनी पाठवलेलं ते पाकीट मी असंही उघडलं नव्हतं.

नागसेन : लॅबमधली जित्याची खोड जात नाही हां तुझी. नोकरी सोडली, ग्राफ नाही सोडला.

हर्षा : लाल कुठे आहेत, बघ.

नागसेन : ...इथे. इथे खाली.

हर्षा : खाली, कुठल्या बाजूला?

नागसेन : डावीकडे.

हर्षा : सगळ्या?

नागसेन : सगळ्याच दिसतात. मग? तिसऱ्या बेसकडूनच तर रनर घरी येतो. गर्दी तिथेच असते. जिथे गर्दी तिथे चुका.

हर्षा : पहिल्या बेसच्या रेषेवर पडलेले बॉल मोज. सहा. सहाच्या सहा हिरवे. रेषेची सवय असती तर तिकडेही हात चुकला असता ना? डाव्या रेषेवर पडलेले चार. चारही लाल.

नागसेन : कॅमेरा तिकडून लावलेला असतो, म्हणून तिकडच्याच चुका सापडतात. साधी गोष्ट आहे.

हर्षा : कॅमेरे दोन आहेत. दोन्ही बाजूंना एकेक. मीच लावते.

नागसेन : मग कॅचर. डावीकडून रनर आला की कॅचर माझ्या आड येतो.

हर्षा : मलाही तसंच वाटलं. मनापासून वाटलं. म्हणून डेरेकच्या मॅचेसही काढल्या. त्याचे उलटलेले निर्णय नऊ. हा त्याचा कागद. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, सगळीकडे विखुरलेत. माणसाच्या चुका अशा असतात, नागसेन. तांदूळ सांडल्यासारख्या. तुझ्या चुका एका कोपऱ्यात भरून ठेवल्यासारख्या आहेत.

नागसेन : हे तू काय चालवलंयस?

हर्षा : त्या कोपऱ्यात तुझी एकही हिरवी टिकली नाही. एक जरी असती ना, तरी मी हा कागद तुला दाखवला नसता.

नागसेन : माझे डोळे तपासून महिना नाही झाला. मॉलमधल्या त्या चष्म्याच्या दुकानात. शेवटची ओळ धडाधड वाचली मी. पोरगी म्हणाली, अंकल, पर्फेक्ट.

हर्षा : तक्ता समोर असतो.

नागसेन : मग कुठे असायला पाहिजे, छताला?

हर्षा : समोरचं तुला दिसतंय. चांगलं दिसतंय. मी बाजूचं म्हणतेय. आत्ता मान का वळवलीस?

नागसेन : तू दिसावीस म्हणून.

हर्षा : मी दोन फुटांवर बसलेय. पूर्वी नव्हतास वळवत.

नागसेन : आता मान वळवायचीही चोरी! बायको बोलतेय, तिच्याकडे बघू नको?

हर्षा : समोरच्या लिम आंटी विचारत होत्या. 'युअर हजबंड सो प्राउड आता? लिफ्टमध्ये हॅलो पण नाही.'

नागसेन : मी? त्या म्हातारीला मी दिवाळीला चकल्या देऊन आलोय!

हर्षा : मी त्यांना विचारलं, आंटी, तुम्ही लिफ्टमध्ये कुठे उभ्या होतात? म्हणाल्या, बटणांपाशी. आपल्या लिफ्टची बटणं आत शिरताना डावीकडे आहेत.

नागसेन : हर्षा, पुरे.

हर्षा : आणि दंडावरचं ते काळंनिळं. कॉरिडॉरमधली सायकल लागली म्हणालास. सायकल वर्षभर तिथेच आहे.

नागसेन : पुरे म्हटलं ना! एक मॅच काय चुकली, तू मला आंधळाच करून टाकलंस!

वल्लरी : आई, का ओरडतोय तो? माझा टॉवेल कुठाय?

हर्षा : बाहेर वाळत घातलाय, बाळा. ये, घेऊन जा.

नागसेन : वल्लू, इकडे ये जरा.

वल्लरी : डोन्ट वॉन्ट.

नागसेन : एक मिनिट फक्त. हे बघ, सॉरी. पप्पाची चूक झाली.

वल्लरी : रिव्ह्यू नसता तर आय डाय ऑलरेडी. सगळे म्हणतायत, युअर ओन फादर सो बॅड. मी ओरडले पण, 'पप्पा, हिअर!' असं ओरडणं अलाउड नाही, तरी ओरडले. यू नेव्हर लुक.

नागसेन : अगं, मी प्लेटकडेच बघत होतो. डोळ्यात तेल घालून.

वल्लरी : प्लेटवर मीच होते, लॉर.

नागसेन : बस ना इथे जरा.

वल्लरी : हे काय? आई, आजीच्या टिकल्या तू चिकटवून टाकल्यास? सो वेस्ट!

हर्षा : पप्पाच्या मॅचेसचं आहे ते. राहू दे तिथे.

वल्लरी : सगळ्या रेड एकाच कॉर्नरला. हे तर सेम लाइक आमचं कॅच-कॅच.

नागसेन : कुठलं कॅच-कॅच?

वल्लरी : खाली, प्लेग्राउंडला. तुझा ग्लोव्ह डाव्या हातात ना? त्या साइडला लो टाकला की तू नेव्हर कॅच. हात पण नाही काढत. बॉल ड्रेनमध्ये जातो आणि मग मलाच आणायला लागतो. म्हणून आता मी तिकडे टाकतच नाही. इकडे टाकते, उजवीकडे, चेस्टला. ईझिअर फॉर यू.

हर्षा : कधीपासून, वल्लू?

वल्लरी : मार्च हॉलिडेजपासून.

हर्षा : मला सांगितलं नाहीस.

वल्लरी : आय थॉट पप्पा ओल्ड ऑलरेडी. सांगितलं तर सॅड होईल. म्हणून नाही सांगितलं.

नागसेन : ...छान टाकतेस तू. मला वाटायचं, माझाच हात सुधारलाय.

वल्लरी : नो ला. मीच ॲडजस्ट करते. सो कॅन आय गो नाऊ? घाम आलाय सगळा.

हर्षा : जा. डोक्यावरून पाणी घे.

नागसेन : दार नीट लावलं का तिने?

हर्षा : लावलं.

नागसेन : पहिली लाल टिकली कधीची आहे?

हर्षा : मार्चमधली. जानेवारी-फेब्रुवारीत एकही नाही.

नागसेन : आणि आता?

हर्षा : मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन, मेमध्ये तीन. हा महिना अजून संपायचाय, आणि आज आल्यावर लावलेली धरून पाच.

नागसेन : तुला कधी कळलं?

हर्षा : बुधवारी. कागद पुरा झाला आणि मी टिकल्या उपटून परत लावायला लागले. म्हटलं, माझंच डावं-उजवं चुकलं असेल. दोनदा केलं. मग डाळीच्या डब्याखाली ठेवून दिला.

नागसेन : बुधवारपासून डब्याखाली होता?

हर्षा : डाळ काढली की डबा परत त्याच्यावरच ठेवायचे. वाटायचं, फाडून टाकावा. कुणाला कळणार आहे? मग आज वल्लरी घसरत आली, आणि तू थेट तिच्यावरून नजर फिरवलीस, रिकाम्या जागेवरून फिरवावी तशी. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, कडकपणा नव्हता, काहीच नव्हतं. बाकीच्यांना वाटलं, कडक बाप आहे. मला तसं वाटून घेता आलं नाही.

नागसेन : काय असतं हे?

हर्षा : मला नाही माहीत.

नागसेन : तू शोधलं असशील. तुला मी ओळखत नाही का?

हर्षा : शोधलं. मग फोन उलटा ठेवला.

नागसेन : डोळ्यातलं काही असेल?

हर्षा : डोळ्यातलं निघालं तर बरं, असं लिहिलंय.

नागसेन : म्हणजे?

हर्षा : म्हणजे डॉक्टर सांगतील. उद्या साडेआठचा पॉलिक्लिनिकचा स्लॉट घेतलाय मी. उल्काला लिम आंटी बघतील.

नागसेन : उद्या साइट आहे माझी.

हर्षा : साइटवर शिडी चढतोस तू. चौथ्या-पाचव्या मजल्याच्या परांचीवर. डाव्या पायाखाली फळी आहे की नाही, कसं बघतोस?

नागसेन : एवढे दिवस चढलोच ना?

हर्षा : हो. एवढे दिवस मी झोपलेही.

नागसेन : हर्षा, ऑगस्टमध्ये इथे राहायचा-कामाचा पास रिन्यू व्हायचाय. कागदावर एकदा लागलं ना, की या माणसाला साइटवर पाठवू नका, की संपलं. साइट नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर पास नाही. महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. वल्लरीची सहावीची मोठी परीक्षा, पीएसएलई, पुढच्या वर्षावर आलीये. तिला मराठी वाचता येत नाही धड, नागपूरला नेऊन कुठल्या वर्गात बसवणार? फायनलपर्यंत थांब. फक्त एक रविवार.

हर्षा : फायनलला काय होणार आहे?

नागसेन : एक मॅच. प्लेटमागे. सगळं बरोबर देईन. मान वळवून-वळवून बघेन. मग तू म्हणशील तिथे येतो.

हर्षा : आणि मध्ये सहा दिवस? डावीकडून येणारी बस काय तू मान वळवेपर्यंत थांबणार आहे?

नागसेन : हे रिव्ह्यूचं खूळ नसतं तर कळलंही नसतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या, अंपायर आंधळाय म्हणाले असते, आणि घरी येऊन डाळभात खाल्ला असता. अंपायरला आंधळा म्हणतातच सगळे.

हर्षा : मलाही तो मोबाइल ड्रेनमध्ये फेकावासा वाटला.

नागसेन : मग फेकायचा होतास. बाबा म्हणायचे, शंका आली तर फायदा खेळणाऱ्याला. मला नाही का देणार तू? एक आठवड्याचा?

हर्षा : दहा वेळा दिला. प्रत्येक क्लिपला. ऊन डोळ्यावर आलं असेल. रात्रभर उल्काने जागवलं होतं त्याला. कॅचर आडवा आला. माश्या असतील. दरवेळी काहीतरी सापडायचं मला. आज अकराव्यांदा द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही रे.

नागसेन : रडू नकोस.

हर्षा : मी नाही रडत. आणि रडले तरी तू कसं...

नागसेन : बोल ना. बोल, 'तुला कसं दिसलं' म्हण.

हर्षा : नाही. तसं नव्हतं म्हणायचं मला.

नागसेन : आवाजावरून कळतं गं. चौदा वर्षं ऐकतोय.

हर्षा : येशील ना उद्या?

नागसेन : साडेआठ फार लवकर आहे. वल्लरीला शाळेच्या बसवर सोडून येतो, मग जाऊ. आणि एक. तिला काही सांगायचं नाही. अजून नाही.

हर्षा : नाही सांगत.

नागसेन : कॅच खेळायला पण जाईन मी संध्याकाळी. तिने उजवीकडे टाकला तर घेईन. नाहीतर तिला वाटेल, ती बोलली म्हणून पप्पा रुसला.

हर्षा : जा. मीही येते खाली.

नागसेन : डेरेकला काय लिहू? 'बेसपाशी उभा राहतो, थँक यू' असं? की तेही नको? बेसपाशी तरी डावीकडचं कुठे... हर्षा?

हर्षा : ...

नागसेन : हर्षा, गप्प का झालीस? मी चुकीचं बोललो का काही?

हर्षा : नाही.

नागसेन : मग? आणि ही उल्का आज इतकी शांत कशी? एरवी शर्टाची बटणं तोडायला धावते. झोपली वाटतं.

हर्षा : झोपली नाही.

नागसेन : मग काय करतेय?

हर्षा : तुझ्याकडे यायचंय तिला. मघापासून दोन्ही हात पुढे करून बसलीये. तुझ्या कोपराशी.

नागसेन : कुठे?

हर्षा : इकडे. मान वळव. हळूच... ती अजून हसतेय.